पहिलीच्या मुलाला नक्की काय यायला हवे? वाचन, लेखन आणि गणित (कोल्हापूरच्या पालकांसाठी धागा)

राजारामपुरीची_आई

माझी मुलगी यंदा पहिलीला आहे. शाळा मराठी माध्यमाची, पण सेमी इंग्रजी. म्हणजे गणित इंग्रजीतून आणि बाकी सगळे मराठीतून. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे आणि तिची मराठीची वही भरत आली आहे. अक्षर सुरेख आहे, बाईंनी पानोपानी शेरे दिले आहेत आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती वही कौतुकाने दाखवली जाते. मात्र परवा त्याच वहीतल्या एका पानावर मधल्याच ओळीवर बोट ठेवून मी तिला वाचायला सांगितले, तेव्हा तिने ओळीकडे न पाहता पानाच्या सुरुवातीपासूनचा सगळा मजकूर घडाघडा म्हणून दाखवला. बोटाखालचा शब्द कोणता, हे काही तिला सांगता आले नाही.

गणिताचेही साधारण तसेच आहे. इंग्रजीतून शंभरपर्यंत ती एका दमात म्हणते, पण आजीने ‘सत्तावीस’ म्हटले की ७२ लिहिते. सासऱ्यांचे म्हणणे असे की आता पाढे सुरू करायला हवेत. जाऊबाईंचा मुलगा दुसऱ्या बोर्डाच्या शाळेत आहे आणि तो म्हणे हातच्याच्या बेरजा करतो. अशा वेळी पहिलीच्या मुलाकडून नेमकी अपेक्षा काय ठेवावी आणि ती पूर्ण होते आहे की नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

करवीर_शिक्षिका

ताई, मी करवीर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळते. आपण वहीबद्दल जे लिहिले आहे, ते आमच्याकडे दरवर्षी पाहायला मिळते, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते.

शाळेत लिहिण्याचे तीन प्रकार असतात. फळ्यावरचे किंवा पुस्तकातले पाहून लिहिणे म्हणजे अनुलेखन, ऐकून लिहिणे म्हणजे श्रुतलेखन आणि स्वतःच्या मनातले लिहिणे म्हणजे स्वयंलेखन. वही भरते ती बहुतेक अनुलेखनाने. अनुलेखनाने हाताला वळण लागते, रेघेवर लिहिण्याची सवय होते, दोन शब्दांत अंतर सोडायचे असते हे कळते. हे सगळे आवश्यकच आहे. परंतु एक अक्षरही वाचता न येणारे मूल पान भरून सुबक अनुलेखन करू शकते, कारण त्याच्या दृष्टीने ते चित्र काढणेच असते. पालकांना घरी दिसते ती फक्त वही, आणि मग मुलाची सगळी प्रगती वहीवरून मोजली जाते. खरे सांगायचे तर शाळा तपासायला येणारे अधिकारीही पुष्कळदा आधी वह्याच मागतात, त्यामुळे शिक्षकांचा कलही वह्या भरून घेण्याकडे होतो. हा दोष एकट्या कोणाचा नाही.

आता अपेक्षांविषयी. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केले. तिसरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठरवलेली आहे. त्यात इयत्तावार लक्ष्ये आहेत. पहिलीच्या अखेरीस मुलाने पूर्वी न पाहिलेल्या, वयाला साजेशा मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात आणि लिहाव्यात, आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी, एवढेच त्यात म्हटले आहे. मिनिटाला ४५ ते ६० शब्द ही गतीची अपेक्षा दुसरीसाठी आहे, पहिलीसाठी नाही. तेव्हा घड्याळ लावून वाचून घेऊ नये. शिवाय हे लक्ष्य वर्षाअखेरीचे आहे. जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलांसाठी सुरुवातीचे साधारण तीन महिने विद्याप्रवेश नावाचा खेळांवर आधारलेला कार्यक्रम असतो, म्हणजे दिवाळीपर्यंत प्रत्यक्ष अक्षरओळखीला मिळालेला काळ तसा थोडाच असतो.

‘पूर्वी न पाहिलेल्या मजकुरातली’ हे शब्द मात्र नीट लक्षात घ्यावेत. पुस्तकातला धडा मुलाला पाठ होतो. चित्र शेजारी असेल तर ते पाहून शब्द ओळखला जातो. म्हणून घरी कोऱ्या कागदावर, चित्राशिवाय, मोठ्या अक्षरात एक वाक्य लिहावे. उदाहरणार्थ, ‘ताईने मला पाच बोरे दिली.’ मुलाने अडखळत वाचले तरी चालेल. वाचून झाल्यावर कागद उलटा करावा आणि ‘कोणी दिली?’, ‘काय दिले?’ असे विचारावे. उत्तर आले तर वाचन झाले. शब्द बरोबर उच्चारले पण कोणी काय दिले हे सांगता आले नाही, तर मुलाची सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यातच खर्च होते आहे असे समजावे. तशा मुलाला कठीण मजकूर देण्याऐवजी त्याच पातळीची आणखी पुष्कळ सोपी वाक्ये द्यावीत.

बावड्याचे_आजोबा

बाईंचे लिहिणे पटले, परंतु पाठांतराला हल्ली जे नाक मुरडले जाते, ते मला मान्य नाही. आमच्या वेळी कसबा बावड्यात संध्याकाळी दिवेलागणीला परवचा व्हायचा. श्लोक, पाढे, पावकी, निमकी (म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे) सगळे तोंडपाठ असायचे आणि बाजारात हिशेबाला कधी अडले नाही. आज पदवीधर मुले सव्वाशेच्या दीडपटीसाठी मोबाइल काढतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, त्या कोल्हापुरात पहिलीच्या मुलाला पाढे नकोत असे म्हणावे लागते, याचे नवल वाटते.

पेठेतला_गणिती

आजोबा, पाढे नकोत असे बाईंनी कुठेच म्हटलेले नाही. फक्त पहिलीच्या अपेक्षांत गुणाकार नाही एवढेच खरे आहे. आपण म्हणता ती पावकी-निमकी ज्यांना उपयोगी पडली, त्यांना संख्या आधी कळलेली होती. मी शिवाजी पेठेत शाळकरी मुलांना गणित शिकवतो आणि मोठ्या वर्गातली मुले जिथे घसरतात त्याचे मूळ बहुतेक वेळा पहिलीत असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ताईंच्या मुलीने सत्तावीसचे ७२ केले, यात तिचा निष्काळजीपणा नाही. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी लिहायचे आणि सात नंतर. जे आधी ऐकले ते आधी लिहिणे, हा मुलाच्या दृष्टीने सरळ न्याय आहे. एकोणतीस तर त्याहून कठीण आहे. त्यात नऊ कुठेच ऐकू येत नाहीत, वीसही येत नाहीत. तिसातून एक वजा केल्याची सूचना तेवढी असते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि ९९ ला तोही मोडून नव्याण्णव होते. शंभरपर्यंतची नावे मराठी मुलाला जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात. आपल्या निपाणीकडच्या कानडी बोलणाऱ्या मुलाला हा त्रास होत नाही. कानडीत सत्तावीसला ‘इप्पत्तेळु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग सात. इंग्रजीतही विसाच्या पुढे तोच क्रम आहे.

हीच अडचण ध्यानात घेऊन बालभारतीने ‘वीस सात’, ‘सत्तर दोन’ अशी वाचनाची पद्धत रूढ नावांच्या जोडीने पुस्तकात दिली होती. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीचे पुस्तक आले तेव्हा त्यावरून केवढे वादळ उठले, ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेतसुद्धा त्यावर चर्चा झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी शांतपणे खुलासा केला होता की जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, मुलांना समजायला सोपी जावी म्हणून दुसरी वाट दिलेली आहे. टीका करणाऱ्या बहुतेकांनी पुस्तक उघडून पाहिले नसावे, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते. घरी आपण ही पद्धत निःसंकोच वापरावी. ‘सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात’ असे दोन्ही एका दमात म्हणावे आणि लगेच लिहून घ्यावे. नाव मराठीच राहते आणि लिहिण्याचा क्रमही कानावर पडतो.

आता शंभरपर्यंत म्हणण्याविषयी. संख्यांची नावे क्रमाने म्हणता येणे ही एक गोष्ट आणि वस्तू मोजता येणे ही दुसरी. मुलीपुढे मूठभर चिंचोके टाकावेत आणि मोजायला सांगावे. ती प्रत्येक चिंचोका बाजूला सरकवत मोजते की बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे धावते, ते पाहावे. समजा चौदा झाले. त्यात तिच्या देखत आणखी तीन टाकावेत आणि ‘आता किती?’ म्हणून विचारावे. काही मुले पुन्हा एकपासून मोजायला लागतात. काही ‘चौदा’ मनात धरून ‘पंधरा, सोळा, सतरा’ असे पुढे मोजतात. ही दुसरी कृती ज्या दिवशी जमते, त्या दिवशी बेरीज कळली असे मी मानतो. वहीतल्या उभ्या मांडणीच्या पन्नास बेरजा बरोबर असूनही हे जमत नाही अशी मुले माझ्याकडे येतात, कारण त्या बेरजा त्यांनी प्रत्येक वेळी रेघा ओढून, त्या पहिल्यापासून मोजून केलेल्या असतात.

यानंतर दहाचा गठ्ठा. उसाची मोळी बांधतात तशा काडेपेटीतल्या काड्या दहा-दहा मोजून रबराने बांधाव्यात आणि उरलेल्या सुट्या ठेवाव्यात. दोन गठ्ठे आणि सात सुट्या, म्हणजे सत्तावीस. सात गठ्ठे आणि दोन सुट्या, म्हणजे बाहत्तर. दोन्ही ढीग शेजारी मांडले की २७ आणि ७२ यांतला फरक मुलाला डोळ्यांनी दिसतो, मग शंभर वेळा ‘उलटे लिहू नकोस’ म्हणण्याची गरज राहत नाही. हातचा हा या गठ्ठ्यांचाच पुढचा भाग आहे. सुट्या दहा झाल्या की रबर लावायचे. ज्याने हे हाताने केलेले नाही, त्याच्या डोक्यावर हातचा मांडला तर तो ‘वर एक लिहायचा’ एवढाच नियम पाठ करतो. जाऊबाईंचा मुलगा काय करतो, ते काड्या देऊन पाहावे. कदाचित त्याला खरोखर समजलेही असेल.

बावड्याचे_आजोबा

काड्यांचे पटले. नातवाला आज बसवून पाहिले, तर पहिल्या गठ्ठ्यात नऊच भरल्या. तरीही मी एक गोष्ट नमूद करतो. पुढे मोजायचे असेल तर चौदानंतर पंधरा हे तोंडात असावेच लागते. ते पाठांतरानेच येते.

पेठेतला_गणिती

हे अगदी खरे आहे, आजोबा. उलट मोजणीही पाठ करून घ्यावी, वीसपासून एकपर्यंत. वजाबाकीला ती फार उपयोगी पडते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

उचगावकर_बाबा

सेमी इंग्रजीच्या पालकांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे असे सुचवतो. आमच्या मुलाचे आकडे सतत चुकत होते. नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की त्याचा देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ यांत घोळ होतो, कारण दोन्ही आकृत्या सारख्याच दिसतात. तसाच इंग्रजी नऊ त्याला देवनागरी १ वाटतो. आपल्या गाड्यांच्या पाटीवर एमएच नंतर येणारे शून्य-नऊ तो कितीतरी दिवस ‘शून्य-एक’ वाचायचा. घरातल्या दिनदर्शिकेवर देवनागरी आकडे, गणिताच्या पुस्तकात इंग्रजी, दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही. मोठ्यांना यात काही वाटत नाही, पण सहा वर्षांच्या मुलाला दोन लिप्यांचे वीस आकार एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागतात. आम्ही दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून एक पुठ्ठा भिंतीला लावला आणि गणिताच्या वहीत फक्त शाळेचेच आकडे वापरायचे ठरवले.

अक्षरांतही थोडे असेच होते. मोबाइलवर दिसणारा ल आणि श पुष्कळदा हिंदी वळणाचा असतो, तर पुस्तकात पाकळीचा ल आणि गाठीचा श असतो. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हेच वळण ठरवून दिले आहे. मूल ‘हे कोणते अक्षर?’ म्हणून विचारते तेव्हा त्याला अक्षर येत नाही असे समजू नये.

करवीर_शिक्षिका

उचगावकर सरांनी फार नेमके लिहिले आहे. अक्षरांचा विषय निघालाच आहे, तर वाचनाच्या पायऱ्यांविषयी राहिलेले लिहिते.

बरेच पालक अ ते ज्ञ अशी सगळी मुळाक्षरे पाठ झाल्यावर बाराखडी, ती संपल्यावर शब्द आणि मग वाक्ये असा क्रम धरतात. काही शाळांत आता ॲ आणि ऑ धरून चौदाखडी म्हणतात. हे सगळे संपेपर्यंत मुलाच्या हाती वाचण्यासारखे काही लागतच नाही, आणि वर्ष सरत येते. आता पुस्तकांत आणि वर्गात अक्षरांचे छोटे गट घेतात. चार-पाच अक्षरे आणि एखादा काना आला की लगेच त्यांचे शब्द, त्या शब्दांचे वाक्य. यात फार नवे असे काही नाही. जुने गुरुजीसुद्धा वळणाच्या सोयीने ग, म, भ, न यांपासून सुरुवात करीत. ग, म, न आणि काना आले की मूल ‘मान’, ‘गाग’, ‘नाम’ असे काहीबाही जुळवू लागते. त्यातला ‘गाग’ निरर्थक आहे हे त्याला स्वतःला कळले आणि ते हसले, तर त्याचे वाचन योग्य वाटेवर आहे.

मुले ‘बदक’ हा शब्द ‘ब… द… क…’ असा वाचून थांबतात आणि त्यांना बदक सापडत नाही, ही नेहमीची अडचण आहे. अक्षरे सुटी म्हणताना प्रत्येकातला ‘अ’ पुरता उच्चारला जातो आणि शब्दात शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. म्हणून सुटी अक्षरे म्हणून झाल्यावर ‘आता पटकन म्हण’ असे सांगून ती जोडून घ्यावी लागतात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या च चा उच्चार वेगळा असतो, पण लिहिण्यात तो दिसत नाही. तिथे मुलाने ‘चार’सारखा ‘चाक’ वाचला तर तो चुकला असे म्हणू नये. त्याने अक्षर बरोबर ओळखले आहे. शब्द कानावरचा असला की उच्चार तो आपोआप दुरुस्त करतो. म्हणूनच घरात मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे याला मी अभ्यासाइतकेच महत्त्व देते. ज्या शब्दाशी कानाची ओळख नाही, तो डोळ्यांना लवकर सापडत नाही.

फुलेवाडीची_मावशी

माझा भाचा डावखुरा आहे आणि आजी त्याला उजव्या हाताने लिहायला लावते. शिवाय तो ६ आणि ३ उलटे लिहितो. यात काळजीचे काही आहे का?

करवीर_शिक्षिका

हात बदलायला लावू नये, ताई. वही थोडी उजवीकडे कलती ठेवली की डावखुऱ्या मुलाला लिहिलेले दिसते आणि हाताखाली पुसले जात नाही. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवायला वर्गशिक्षकांना सांगावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी कोपर लढत नाही. उलटे आकडे या वयात सर्रास दिसतात आणि सरावाने जातात. दुसरी संपत आली तरी ते तसेच राहिले आणि जोडीला वाचनही अडत असेल, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावे.

रंकाळा_वेस

थोडे गृहपाठाविषयी. शेजारच्या पहिलीतल्या मुलीला शाळा सुटल्यावर शिकवणी आणि शिकवणीचा पुन्हा वेगळा गृहपाठ आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे आणि दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे असेही आहे. ज्या शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू करून मूल अनुभवातून शिकते हे प्रत्यक्ष दाखवले, तिथे सहा वर्षांच्या मुलांसाठी शिकवणीच्या जाहिराती लागलेल्या पाहून वाईट वाटते.

राजारामपुरीची_आई

सर्वांचे मनापासून आभार. बोरांचे वाक्य दिले तेव्हा ‘ताईने’ पाशी ती बराच वेळ थांबली, ‘बोरे’ला तिने ‘बोर’ वाचले, पण कागद उलटा केल्यावर ‘ताईने दिली’ असे बरोबर सांगितले. चिंचोक्यांत ती पुन्हा एकपासूनच मोजते आहे. म्हणजे वाचन मला वाटत होते त्यापेक्षा बरे आहे आणि गणित, ज्याची मला चिंता नव्हती, ते मागे आहे. आता शनिवारी पालक सभा आहे. तिथे बाईंना काय विचारावे, म्हणजे त्यांना तक्रार वाटणार नाही?

करवीर_शिक्षिका

‘माझी मुलगी कशी आहे?’ असे विचारू नये, त्यावर ‘छान आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘सध्या वर्गात अक्षरांचा कोणता गट चालू आहे आणि त्यातली कोणती अक्षरे तिला येत नाहीत?’ असे विचारावे. प्रत्येक शिक्षकाकडे मुलांच्या आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता केलेल्या पडताळणीच्या, नोंदी असतात, त्यामुळे उत्तर देणे त्यांनाही सोपे जाते. गणितात ती पुढे न मोजता पहिल्यापासून मोजते, हे आपणहून सांगावे. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना ते दिसलेले नसण्याचीच शक्यता अधिक. जमले तर त्यांना विचारून वर्गातली मण्यांची माळ पाहून घ्यावी. दहा-दहा मणी दोन रंगांत ओवलेली असते, तशी घरीही करता येते. पाढ्यांचा विषय सासऱ्यांनी पुन्हा काढला, तर दोन-दोन आणि पाच-पाचच्या उड्या मारत चिंचोके मोजायला त्यांनाच तिच्याबरोबर बसवावे. दोनाचा आणि पाचाचा पाढा त्यातूनच निघतो.